तीन सूत

डाव्या कुशीवर वळा मावशी, अल्फिया म्हणते,
हात उशाखाली.
थंडगार जेली बरगडीवर,
आणि पडद्यावर माझा डावा वरचा कप्पा
पिळून वाळत घातलेल्या अस्तरासारखा हलतो.

ऑपरेशनच्या आधी तो चौपन्न मिलिमीटर.
घरी येऊन टेपवर पाहिलं होतं:
दोन इंच, एक सूत.
चाळिसाच्या आत हवा म्हणे.
झडप नीट मिटत नव्हती,
दर ठोक्याला थोडं रक्त आल्या वाटेने परत,
आणि कप्पा बिचारा वर्षानुवर्षं
सरकून जागा देत राहिला.

शिवलं म्हणजे काय शिवलं, मी विचारलं होतं.
डॉक्टर मिस्त्री हसले नाहीत.
औषधाच्या चिठ्ठीमागे काढून दाखवलं:
कड सैल पडलेली, तिला रिंग, अठ्ठावीस नंबर,
तुटल्या दोरीच्या जागी नवी दोरी.
टाका कुठला?
मॅट्रेस.
म्हणजे गादीवाल्याचा, म्हटलं. उसवत नाही तो.

पण पहिल्याच तपासणीत पंपिंग घसरलेलं.
साठाचे पंचेचाळीस.
भोईवाड्याच्या नाक्यावर रिपोर्ट घेऊन उभी राहिले.
दुरुस्त केलेली मशीन आधीपेक्षा वाईट चालते
हे कुठल्या गिऱ्हाइकाला सांगू?
अल्फियाने समजावलं,
आधी बरंचसं मागच्या दाराने निघून जायचं, सोपं होतं.
आता ते दार बंद.
सगळं पुढूनच ढकलायचं. खरी ताकद आत्ता दिसतेय.
म्हणजे ते साठ खोटे होते.
त्या रात्री मी त्या खोट्या साठांसाठी रडले.

मग महिने.
खोकला आला की छातीशी उशी.
रक्त पातळ करायची गोळी, बोटाला सुई,
पालक मोजून.
शटर उचलायला इस्त्रीवाल्याचा पोरगा,
मशीनवर जुनी चादर.
पहाटे तीनला कप्पा फडफडायचा,
बॉबिनमध्ये दोरा गुंतला की होतं तसं,
आणि मी अंधारात हात न लावता
तो आपला आपण सुटायची वाट बघायची.

आज चव्वेचाळीस.
पंपिंग बावन्न.
अजून आत येईल? येईल थोडा.
पहिल्यासारखा? अल्फिया टिश्यू पुढे करते,
जेली पुसून घ्या, मावशी.

दुकानाच्या पायरीवर नलू भाटकर बसलेली,
टायफॉइडातून उठलेली, मांडीवर पाच ब्लाउज.
सगळे आत घे गं, लोंबतात अंगावर,
आणि जादाचं कापूनच टाक.
मी उसवते. खडूची रेघ ओढते.
पायडलवर पाय अजून बिचकतो.
कापायचं नाही, नलू.
माया राहू दे आत.

ती माझ्या पिशवीतल्या पाकिटाकडे बघते.
काय म्हणाले?
माझ्या तोंडात टाचण्या.
मी तीन बोटं दाखवते.