दम

बसऱ्याच्या कागदवाल्यांच्या गल्लीत मी लहिया.
दहा पानांना एक दिरहम, शाई गिऱ्हाइकाची.

सकाळी मुअम्मल येतो, शब्द जपून टाकणारा.
म्हणतो, या आयतीत अल्लाहच्या नावापाशी थांब.
गूढाचा अर्थ तो एकटाच जाणतो,
आपण मान लववायची नि पुढे जायचं.
तिथे त्याला लाल खूण हवी,
डाळिंबाच्या दाण्याएवढी, लांबून दिसणारी.

दुपारी सुवैद. वाद घालून घसा बसलेला.
थांबू नकोस म्हणतो, वाचत जा,
ज्यांची मुळं ज्ञानात खोल गेली
तेही त्याच वाक्यात आहेत, तेही जाणतात.
नाहीतर बुद्धी दिली कशाला, उंटं मोजायला?
लाल खूण तो माझ्यादेखत नखानं खरवडतो.
कागद तिथे पातळ झालाय,
उजेडात धरला तर पलीकडची ओळ दिसते.

कधी रात्री तिसरा येतो, लोकरी अंगरख्याचा.
नाव सांगत नाही, पैसेही देत नाही, खजूर देतो.
त्याला खूण नको, ओळही नको,
दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेवर
नुसतं बोट ठेवून बसतो, दिव्यातलं तेल संपेपर्यंत.
तेल माझं.

तिघंही एकाच माणसाकडे शिकले:
आंधळा रुकैन, कालव्याकाठच्या मशिदीत, खांबाला टेकलेला.
मीही असायचो, मागे, चपलांपाशी.
रुकैनला दमा होता.
थंडीत कालव्यावरून धुकं आलं
की छाती भरायची, नावापाशीच श्वास तुटायचा.
उन्हाळ्यात एका दमात आयत पार.

मुअम्मल थंडीत शिकला, सुवैद उन्हाळ्यात.
तिसरा आला तेव्हा रुकैनचे नुसते ओठ हलायचे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
शिवाय ते खरं असेलच असं नाही.
म्हाताऱ्याला दम्याआडून काही सांगायचंही असेल.
एकदा धीर करून विचारलं होतं,
शेख, नेमकं थांबायचं कुठे?
तो म्हणाला, दार ओढ रे. धूळ येतेय.

आज निशापूरचा व्यापारी दारात उभा आहे.
प्रत हवीय, काफिला उद्या निघतो.
विचारतो, पाठ कुणाचा?

मी बोरू तासतोय.
तो खोकतो, पुन्हा विचारतो.
तासतोय अजून.