नाक शिंकरू नका

विंचचा आकडा रोईच्या डोळ्याखाली बसला.
खोबणीच्या तळाला टायटॅनियमची जाळी लावली,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर नाक शिंकरू नका,
हवा डोळ्यात शिरेल.
त्यानं ऐकलं. बापाच्या दफनालासुद्धा
क्लाक्सविकच्या वाऱ्यात नुसता ओघळत उभा.

हिवाळ्यात म्हणू लागला, मटण सडलंय.
खोपटात वाळत टांगलेली अख्खी मांडी
समुद्रात भिरकावली.
मग कॉड.
मग माझी उशी, दुसऱ्या खोलीत.

मी घरभर हुंगत फिरले, कपाटं, गटार, स्वतःचे केस.
शेवटी, तो झोपेत असताना, त्याचा श्वास.

काल त्याच्या गालातली पोकळी धुतली;
जाळीमागं साचलेलं, वाटीभर.

आज तो रिकाम्या खुंटीपाशी बराच वेळ होता.
आत येऊन म्हणाला, उशी आण ना.

मी भांडी घासत राहिले.