नर : के-सात

करार जालन्यात झाला, एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर.
एसीत बसून माझ्या पाठीवरचा घाम थंडगार.
कागदावर होतं : दोन्ही संस्था एकमेकींना
माहिती देतील, मोकळेपणानं.
'मोकळेपणानं' खंदारे साहेबांनी दोनदा वाचलं.

मी आमच्या गटाचं रजिस्टर दिलं.
चार हंगामांचं, भिजून फुगलेलं.
कुणाच्या जाळीत कोणत्या तारखेला किती कळ्या,
आयोध्याच्या हातचं ऐंशी टक्के धरतं,
प्रयागच्या हातचं साठ, तिला चष्मा पाहिजे,
तेही लिहिलेलं.

त्यांनी फाईल दिली. गुळगुळीत.
मादी : एम-बारा. नर : के-सात.
के-सात म्हणजे कोण? मी विचारलं.
साहेब हसले. म्हणाले, नर.

रोज दिवस कलताना चिमट्यानं पुंकेसर काढायचे,
सकाळी परागाची अंगठी घालून मिरचीची कळी न् कळी शिवायची,
लाल दोरा बांधायचा.
एवढ्या सोयरिकी जुळवल्या आम्ही
अन् नवऱ्याकडचं कुळ कुणी सांगेना.

मार्चात अख्खा लॉट नापास.
एकच शब्द. कशात, ते नाही.
फोन केला तर, ते गोपनीय आहे.
मी घरी ओल्या फडक्यात शंभर बिया गुंडाळल्या,
चौदाव्या दिवशी उलगडल्या.
त्र्याण्णव.
मग नापास काय झालं होतं,
बी का भाव?

भादव्यात साहेब गावात आले.
जाळीत वाकून म्हणाले,
तुमच्याकडं इतकं धरतं कसं हो?
आयोध्या माझ्या तोंडाकडं बघायली.
जाळीच्या उगवतीकडून सुरू करायचं,
दव आधी तिथलं सुकतं,
ओल्या कळीला पराग लावला की वाया.
चार बायांनी चार वर्षांत शिकलेलं.
रजिस्टरात कधीच नव्हतं.
मी म्हणाले, हात बसलाय, साहेब.

त्याच रात्री भोकरदनकडून चुलत जावेचा फोन.
त्यांचा गट दुसऱ्या कंपनीचा.
फुलं गळायलीत गं, तुमचं कसं धरतं?
हात बसलाय, मी म्हणाले.
आवाज माझाच होता, गुळगुळीत.

ती जरा वेळ गप्प.
मग आपणहून सांगाय लागली :
आमच्या नराला हे लोक जे-नऊ म्हणतात,
पण लग्नाला आले तवा तुझ्या जाळीत बघितलं मी,
तेच पान, तीच वाकडी देठं.
एकच आहे बघ ते.
तुला कामी येईल म्हणून सांगितलं.

फोन ठेवून किती दिवस झाले.
दवाचं मी अजून बोलले नाही.