न्यूट्रल

एकोणीस वर्षं मी नागपूर-पुणे रात्रीची ट्रॅव्हल्स चालवली.
कोंढाळीला थांबायचं नाही, तळेगावला थांबायचं नाही,
मेहकरला पंधरा मिनिटं,
त्यातली सात लघवीच्या रांगेत,
आणि शिरूरच्या पुढे उजाडताना डोळ्यांत वाळू.
मागे छत्तीस माणसं झोपलेली.
त्यांच्या झोपेचे पैसे मला मिळायचे.

जालन्याच्या अलीकडे एकदा मी तीन सेकंद झोपलो.
छत्तीसांपैकी कुणाला कळलं नाही.
नौशाद क्लीनर शेजारी होता, त्यालाही नाही.
रेवताला मी अजून सांगितलेलं नाही.

मग डाव्या डोळ्यावर पडदा आला.
डॉक्टरनं सही केली, मालकानं हिशोब केला,
मी पत्र्याची पेटी घेऊन
अड्याळपासून आत, आमच्या तळ्याच्या गावी उतरलो.

पहिले काही महिने मी घरातही गाडीच हाकत होतो.
रेवता चुलीवर चहा ठेवायची,
तो उकळेस्तोवर मी मनात तिवसा गाठायचो.
भाताला वाफ येईस्तोवर अमरावती मागे पडायची.
म्हशी रस्त्यात उभ्या राहिल्या
की अंगठा हवेत हॉर्न शोधायचा.
टेकराम म्हणायचा, "बसा ना गा,"
मी बसायचो,
इंजिन चालू ठेवून बसल्यासारखा.

तळ्याच्या पाळीवर दसरूकाका जाळं शिवत असतो.
पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला,
ओठांत विडी, केव्हाच विझलेली.
कार्तिकातल्या एका सकाळी म्हणाला,
"कायले उभा हायेस गा? हे टोक धर."

मी टोक धरलं.
बराच वेळ धरलं.
काही झालं नाही.
लांब बोटांचा एक पक्षी
शिंगाड्याच्या पानापानांवरून पाय टाकत पलीकडे निघाला.
एक पान बुडायच्या आत दुसरं.
मला त्याचं नाव येत नव्हतं,
जन्म याच तळ्याकाठचा असून.
काकाला विचारलं.
"माईत नाई," तो म्हणाला, "येते रोज."

जाळं कधी होईल, हेही विचारलं.
"झालंच हाय. फाटलं का पुन्हा बसू."

दुसऱ्या दिवशी मी वीस गाठी मारल्या, भराभर.
त्यानं एका बोटानं ओढलं, विसाच्या वीस सुटल्या.
तो हसला नाही, बोलला नाही,
फक्त सुई परत माझ्याकडे केली.

पैसा कमी झाला, हे लपवत नाही.
चैत्रात रेवता अंधारात उठून मोह वेचायला जाते,
मीही जातो, टॉर्च धरतो,
एका डोळ्यानं जमतील तेवढी फुलं उचलतो.
ती पाचपट उचलते.
पूर्वी या वेळी मी नगर सोडलेलं असायचं.
फुलं पडताना आवाज होतो,
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

नौशाद आता स्वतः चालवतो.
मेहकरला थांबला की फोन करतो,
"उस्ताद, पंधरा मिनट है, बोलो."
मी त्याला पक्षी सांगू लागलो.
पाण्याचा रंग, पानावरचा दव,
पहिलं पाऊल, मग मान कशी मागे गेली,
पक्षी तळ्याच्या मधोमध आला
आणि तिकडे कुणीतरी बसचा दरवाजा आपटला.
"फिर?" त्यानं दुसऱ्या रात्री विचारलं.
"फिर?" तिसऱ्या रात्री.
चौथ्या रात्री तो पलीकडे पोचला.
नौशाद काही बोलला नाही.
मग म्हणाला, "आज बीस मिनट रुका मैं."

काल पाळीवर मला डुलकी लागली.
किती वेळ, माहीत नाही,
तीन सेकंदांहून नक्की जास्त.
जाग आली ती दचकून,
उजवा पाय मातीत खोल रुतलेला.

समोर तळं होतं तिथंच होतं.
दसरूकाका जेवायला गेला होता,
विडी आणि काडेपेटी माझ्या भरवशावर ठेवून.
जाळ्याचं टोक माझ्या हातात होतं.
आणि तो पक्षी
पलीकडून परत निघाला होता.