जागा कोण

साखरीनाट्याच्या बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला मी एकटा.
कॉम्प्रेसर धडधडतो. अमोनियाचा वास
हल्ली नव्याने झोंबतो नाकाला;
सव्वीस वर्षं बिडीमागे दडून बसला होता.

सव्वातीन. हीच ती वेळ.
लाद्या काढून झालेल्या, क्रशर गप्प,
पहिली होडी अजून खाडीच्या तोंडाशीही नाही.
हात आपला जातो खिशाकडे
आणि खिशात सापडतं आमसूल.
चघळतो. दात आंबतात,
तलफ काही आंबत नाही.

मग मोबाईल काढून दोनच शब्द लिहितो:
जागा कोण?

"मी," दाभोळहून इस्माईल परकार,
फेरीबोटीवर दोर टाकणारा. "सोळावा दिवस. झोप कसली?"
"मी," देवगडच्या दवाखान्यातून सुलक्षणा मेस्त्री.
तिची मिश्री. पहिल्या दिवशी विचारलं होतं तिने,
माझ्यात धूर नाही, चालेल का?
परकार म्हणाला, भाजलेली तर आहे ना, ये.

यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.
एकाच्या फोटोत नातू, एकीच्या फोटोत अबोली,
तांडेलाच्या फोटोत नुसती होडीची नाळ.
पण परकारला चहानंतर लागते,
सुलक्षणाला भांडणानंतर,
आणि हर्णैच्या गोपीनाथ चोगल्याला जाळं ओढून झाल्यावर,
हे मला त्यांच्या घरच्यांआधी ठाऊक.
माझी बायको म्हणते, सोडलीत ना? मग झालं.
झालं कुठे,
रोज रात्री सव्वातीन वाजतातच.

आषाढात गुहागरच्या नंदूने आकड्याच्या जागी
शून्य लिहिलं.
"बारशाला गेलो होतो. एकच."
तासभर कुणी काही बोललं नाही.
मी फुप्फुसांबद्दल चार ओळी लिहिल्या, पुसल्या.
ते सगळं त्याला डॉक्टरने रंगीत चित्रासकट सांगितलेलं.
मग परकारचं आलं: माझी शून्यं सात.
सुलक्षणा: चार. त्यातलं एक सासूच्या तेराव्याला.
मी लिहिलं अकरा,
मग एक आठवलं, बारा केलं.
दुसऱ्या रात्री नंदूने लिहिलं: एक.
सगळ्यांनी नुसती हजेरी लावली,
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

चोगले आठ दिवस बाहेर होता.
लांब पाण्यात रेंज नसते,
तिथे कुणाला विचारणार, जागा कोण?
आम्ही त्याचा विषयच काढला नाही.
नवव्या पहाटे मोबाईल थरथरत राहिला.
किनारा जवळ आल्यावर एका दमात सुटलेले आकडे:
एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.
चव्वेचाळीसपुढे लिहिलं होतं,
इंजिन बंद. खलाश्याकडे आहे. मागितली नाही.
पंचेचाळीस. शेहेचाळीस. सत्तेचाळीस.
अठ्ठेचाळीसपुढे, मासळी कमी, मी बरा.
ऐकायला कुणी नसताना
रोज रात्री तो सांगत होता.

बर्फखोलीचं दार उघडलं
की श्वासाचा पांढरा लोट निघतो तोंडातून.
पहिल्या आठवड्यात मी त्याला भ्यायचो,
तोंड मिटून लाद्या ओढायचो.
आता उभा राहतो, सोडतो सावकाश, बघतो.
फुकटचा आहे. खोकला येत नाही.

साडेपाचला होडी लागली.
बर्फ न्यायला नवा पोरगा, मिसरूड फुटायचं,
ओठात बिडी.
"चाचा, माचिस?"
माचिस नाही, म्हटलं, आमसूल आहे.
हसला. बिडी कानावर खोचली.
आठवीपासून ओढतो, म्हणाला, मी विचारलं नसताना.
मी लाद्या मोजत राहिलो.
होडीवर चढता चढता तो थांबला,
आमसूल या गालातून त्या गालात नेत म्हणाला,
"रात्री तुम्ही जागे असता?"