अबानच्या भिंतीला टेकून

मंगळवारी इथं कुणी दर्यात उतरत नाही.
म्हणून मंगळवारी भट्ट्या थंड, हात रिकामे.
बाकीचे दिवस मी मांदेलीला धुरी देते
किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टेकून.
भिंत चार हात जाड. दिवस बुडाला तरी
रात्री उशिरापर्यंत पाठ शेकत राहते.

किल्ल्याला आम्ही अबान म्हणतो.
सरकारलाही अबानच.
दुसरा शब्द शोधायला कुणाला सवड झाली नाही.

विटा हॉलंडच्या.
रिकामं गलबत हेलकावू नये म्हणून
तळाशी भरून आणलेल्या, पिवळ्या, तळहाताएवढ्या.
चुना मात्र इथलाच.
आमच्याच बायांनी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
कालवं काढली, शिंपले जाळले, टोपल्या वाहिल्या.
माझा भाऊ फीफी पाहुण्यांना हे सांगतो
तेव्हा ते विटांचे फोटो काढतात.
चुन्याचा फोटो निघत नाही.

एफुआ बोत्वे, माझ्या आईची मावशी,
गेल्या वर्षी गेली.
आमच्यात वारसा आईच्या अंगानं उतरतो,
तशी तिची पेटी उतरली माझ्या ओट्यावर.
आत पितळेची वजनं, सोन्याची भुकटी तोलायची:
शेपटी तोंडात धरलेला मासा,
विंचू, शेंगदाणा, बोटभर मगर.
प्रत्येकाची जोडी.
मला वाटलं, हौस असेल.

एका मंगळवारी, काही काम नाही म्हणून,
औषधवाल्या एसिल्फीच्या तराजूत घातले दोन्ही मासे.
एक खाली गेला.
एसिल्फीनं चष्मा वर केला, मासा उलटा धरला.
पोटाला भोक, भोकात शिसं.
"एक घ्यायचा," तो म्हणाला, "एक द्यायचा."
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आमच्या घरात त्या पूर्वजाला शहाणा म्हणतात.
अबानमध्ये दुभाषा होता,
पोर्तुगीज यायची, डच यायची, दांडी मारता यायची.
गोऱ्याला फसवलं म्हणून
अजून हसतात म्हातारे, मांडीवर थाप मारून.
मीही हसले असते.
पण सोन्याचा धंदा मागे पडल्यावर
ज्याची खरेदी सुरू झाली
ती या वजनांनी होत नव्हती.
त्याचे दात बघायचे, दंड दाबायचा,
उंची भिंतीवरच्या रेघेशी लावायची.
तिथंही दुभाषा लागलाच असेल.
त्याबद्दल कुणी थाप मारत नाही.

परवा तळघरातून एक बाई वर आली,
बाल्टिमोरची, डोळे सुजलेले.
माझ्या भट्टीपाशी टेकली, जिथं मी टेकते तिथंच.
म्हणाली, तुमचीही माणसं नेली असतील.
मी जाळीवरचे मासे उलटले.
उलटायची वेळ झाली नव्हती.
"काही नेली," म्हटलं.
पुढचं वाक्य धुरात गेलं.

तिनं डबाभर मांदेली मागितली.
आता हे सांगायला हवं
की माझ्या डब्याचं बूड आत ठोकलेलं आहे.
सगळ्याच बायांचं असतं.
दगडाचे दोन घाव,
मूठभर मासळी वाचते,
पोराची फी निघते.
आणि तरी मी डबा हातात धरून उभी,
बोटं बुडाच्या खड्ड्यात,
तो खड्डा त्या भोकाएवढाच वाटायला लागला.

मोजून झाल्यावर वर एक मासा टाकायची रीत आहे.
मी मूठ भरून टाकली. मग आणखी एक मूठ.
तिला वाटलं, माझी मोजायला चूक झाली.
ती परत द्यायला लागली.