मंद

नखवाने तो उलटा केला, तळाचे चार स्क्रू काढले,
नाकावरचा चष्मा कपाळावर नेला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"कॉइल गेलीय, ताई. ही आता मिळत नाही.
मिळाली तरी आतलं भांडं तडकलंय."

तडकलंय ते मला ठाऊक होतं.
दोन दिवाळ्या ठाऊक होतं.
बारीक तडा, हळद पिऊन पिवळा झालेला.
मी त्यावरून रोज घासणी फिरवायचे
आणि तो रोज केसभर लांब व्हायचा.
तुम्हाला सांगितलं नाही.

शैलावन्संनी आणला होता मस्कतहून, सत्त्याण्णव साली,
चादरींच्या घडीत गुंडाळून.
सगळे हसले: आठ तास? वाटाण्यांना?
कोपरखैरण्यात काय कुकर मिळत नाहीत?

पण तेव्हा तुमची रात्रपाळी, तुर्भ्याला,
आणि माझी सकाळची, वाशीच्या लॅबमध्ये,
लोकांच्या रक्ताला लेबलं लावायची.
तुमची बस नाक्यावर थांबायची तेव्हा
माझी रिक्षा ब्ल्यू डायमंडच्या सिग्नलला असायची.
मध्ये फक्त हा होता.
रात्री मी काळे वाटाणे टाकून निजायचे,
सकाळी तुम्ही झाकण उचलायचात.
एकदा झाकणाची मूठ निखळली,
तर तुम्ही शिवणयंत्राच्या खणातलं लाकडी रीळ बसवलंत
आणि त्या रिळाखाली चिठ्ठ्या खोचू लागलात,
वाफेने ओल्या, अक्षर फुटलेलं:
मीठ कमी.
मैथिलीच्या फीचं बघतो.
गॅसवाला येईल, पैसे डब्यात.
मीठ कमी.
अकरा वर्षं.

बटणावरची अरबी अक्षरं आधी गेली, मग इंग्रजी.
पुढे पुढे बोटालाच कळायचं
की मंद कुठे संपतं.

आता कोणाचीच पाळी नाही.
तुम्ही बाहेरच्या खोलीत, पेपर चार वेळा घडी घालून,
मी ओट्याशी.
मध्ये पंधरा पावलं, आणि टीव्ही.
तीन शिट्ट्यांत सगळं होतं, होऊन उरतं.
"मग दुसरा कशाला घ्यायचा?" तुम्ही विचारलंत.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मैथिलीने ठाण्याहून फोनवरच मागवून टाकला.

जुना न्यायला पालिकेच्या ई-कचऱ्याच्या गाडीवरचा पोरगा आला.
त्याने एका हाताने उचलला, मला वाटलं त्याहून सहज.
जिन्यात त्याला हाक मारली,
पक्कड घेऊन धावले, झाकणाचं रीळ काढून घेतलं.
तो थांबला बिचारा. काही बोलला नाही.

नवा काळा आहे, गुळगुळीत, आकडे दाखवतो.
त्याच्या झाकणाला मूठ आहेच, घट्ट.
मंदवर ठेवला
तरी कडेने रटरटत होता.
हे मंद नव्हे, मी त्याला म्हटलं.
त्याने फक्त वेळ दाखवली.

रात्री अडीचला तो ओरडला. तीनदा.
मी उठून आले तर तुम्ही आधीच ओट्यापाशी,
गंजीवर, दिवा न लावता,
कोणतं बटण दाबू म्हणत.
मग झोप गेलीच होती,
म्हणून दोन वाट्या घेतल्या.
वाटाण्यांचा पार लगदा झाला होता.
बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा तो गोडसर वास,
खाली वॉचमन खुर्ची सरकवत होता.

दोन घास खाऊन तुम्ही म्हणालात,
"मीठ कमी आहे."

मला आवाज ओळखायला क्षणभर लागला.
मिठाची बरणी हाताच्या अंतरावर होती.
मी दिली नाही.
"काय म्हणालात?" असं विचारलं,
पुन्हा.